तळघरातला पंप स्वस्तातला घेऊ की भारीतला?

प्रश्न थोडक्यात: एका वाचक ताईंच्या तळघरात कोपऱ्याला ४५ सें.मी. व्यासाचा, ६० सें.मी. खोल गोल खड्डा आहे. जमिनीतून झिरपणारं पाणी त्यात जमतं. सहा वर्षं चाललेला पंप मोठ्या पावसात रात्री बंद पडला आणि सकाळी फरशीवर घोटाभर पाणी होतं. पंप गुणगुणत होता, पण पाणी चढत नव्हतं. दुकानात त्यांना दोन पंप दाखवले: एक प्लास्टिक बॉडीचा, अर्ध्या एचपीचा, दुसरा बिडाचा, एक एचपीचा, किंमत जवळपास तिप्पट. यजमान म्हणतात, "मागे स्वस्तातला घेतला म्हणूनच ही वेळ आली." प्लंबरचं मतही मोठ्या पंपाकडे. पंपापासून बाहेरच्या तोंडापर्यंत उभी चढाई ३.२ मीटर, पाइप ३२ मि.मी.चा, लांबी ८ मीटर, चार एल्बो. ताई विचारतात: दर काही वर्षांनी स्वस्तातला बदलत राहावं की एकदाच पैसे ओतावेत? आणि २ वर्षांच्या वॉरंटीपेक्षा ५ वर्षांची वॉरंटी खरंच कामाची असते का?

ताई, मापं दिलीत त्यामुळे मोघम बोलायची गरज उरली नाही. पण दुकानात जाण्याआधी जुन्या पंपाचं निदान करून घ्या. संप पंपाचं (खड्ड्यात जमलेलं पाणी उपसणाऱ्या अशा पंपाचं) आयुष्य साधारण सात ते दहा वर्षं धरतात, स्वस्तातल्याचं त्याहून कमी. सहा वर्षं चाललेल्या पंपाने दगा दिला असं म्हणायला फारशी जागा नाही. शिवाय "गुणगुणत होता, पण पाणी चढत नव्हतं" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे बिघाड बसतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा पंपाच्या किमतीशी संबंध नसतो.

पिन काढा, पंप हँडलला धरून वर घ्या (वायरला धरून कधीच नाही, तिथलं सील सैल झालं की पाणी मोटरमध्ये शिरतं) आणि तळाचे स्क्रू काढून जाळी उघडा. आत इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा दिसेल, तो बोटाने फिरवा. अडकला असेल तर खडा, सुतळी, प्लास्टिकची चिंधी असं काहीतरी सापडेल. ते निघालं की पंप बहुधा ठणठणीत असतो. इम्पेलर मोकळा फिरतोय, पण वीज दिल्यावर मोटर नुसतीच घुमते, तर पहिला संशय कपॅसिटरवर (मोटरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या भागावर) घ्यायचा. फिरवताना खरखर लागली किंवा शाफ्ट डावी-उजवीकडे हलला, तर बेअरिंग नाहीतर बुश गेलाय. मोटरमधलं तेल दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी आत गेलंय. पुढचं काम वायंडिंगवाल्याचं: त्याच्याकडून मेगर (वीज झिरपते का ते मोजणारं यंत्र) लावून घ्या. वायंडिंग (मोटरमधल्या तारांची वेटोळी) आणि बॉडी यांच्यामधला रोध १ मेगाओहमच्या खाली असेल तर त्या पंपाला रामराम ठोका.

आणखी एक शक्यता आहे आणि ती भल्याभल्यांना चकवते. मोटर फिरते, आवाज नेहमीचाच येतो, पण बाहेर पाण्याचा थेंब नाही. अशा वेळी पंप चांगलाच असतो. इम्पेलरच्या घरात हवा कोंडलेली असते. वर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (चढलेलं पाणी परत खाली येऊ न देणारी झडप) बंद, त्यावर उभ्या पाइपातल्या पाण्याचा भार, खाली हवेचा बुडबुडा. इम्पेलर त्या हवेतच फिरत राहतो आणि शेवटी मोटर तापते. यावर इलाज म्हणजे डिलिव्हरी पाइपला (पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाला) व्हॉल्व्हच्या खाली, खड्ड्याच्या आतल्या भागात ३ ते ४ मि.मी.चं एक भोक, तिरकं खाली तोंड केलेलं. पंप चालू असताना त्यातून बारीक पिचकारी उडत राहते, ती गळती समजून बुजवू नका. काही पंपांच्या बॉडीलाच असं भोक असतं, तेव्हा माहितीपत्रक बघूनच ड्रिल हातात घ्या. हे भोक नसेल तर तिप्पट किमतीचा पंपही तसाच घुमत बसेल. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असं व्हायला नको.

आता मोठा पंप हवा का, या मुद्द्याकडे येऊ. प्लंबरला मोठा पंप सुचवणं सोपं असतं, कारण पाणी पुरलं नाही तर शिव्या त्यालाच खाव्या लागतात. पण तुमच्या खड्ड्यात मिनिटाला किती पाणी येतं, हे त्याने मोजलंय का? मोजायला दहा मिनिटं लागतात. चांगला पाऊस लागून अर्धा-एक तास झाला की पंपाची पिन काढा, खड्ड्यात कोरडी लाकडी पट्टी उभी धरा आणि दोन मिनिटांत पाणी किती सें.मी. चढलं ते बघा. ४५ सें.मी. व्यासाच्या खड्ड्यात १ सें.मी. म्हणजे साधारण १.६ लिटर. समजा, दोन मिनिटांत १२ सें.मी. चढलं: म्हणजे मिनिटाला ६ सें.मी., म्हणजे साडेनऊ लिटरच्या आसपास. पंपाने तुमच्या चढाईवर त्याच्या दुप्पट, वीस लिटर फेकलं तरी काम भागतं. अर्धा एचपीचा कुठलाही धड पंप त्याच्या कितीतरी पट फेकतो. (खड्डा चौकोनी आणि ६० बाय ६० सें.मी.चा असेल, तर १ सें.मी.ला ३.६ लिटर धरा. ६० सें.मी. व्यासाच्या गोल खड्ड्याला २.८.)

खोक्यावरच्या आकड्यांवर मात्र भुलू नका. "कमाल प्रवाह" हा चढाई शून्य असतानाचा आणि "कमाल हेड" (हेड म्हणजे पंपाला पार करावी लागणारी चढाई, मीटरमध्ये) हा प्रवाह शून्य असतानाचा आकडा असतो. दोन्ही एकत्र कधीच मिळत नाहीत. दुकानदाराकडे हेड आणि प्रवाहाचा आलेख मागा आणि तुमच्या हेडवर किती लिटर लिहिलेत ते वाचा. तुमचं हेड नुसतं ३.२ मीटर नाही, त्यात पाइपातलं घर्षणही मिळवायचं. एल्बो आणि व्हॉल्व्ह धरून तुमचा ८ मीटरचा पाइप घर्षणाच्या हिशेबात १५ मीटरसारखा वागतो. आतला व्यास ३२ मि.मी. धरला आणि मिनिटाला १०० लिटर जात असतील, तर घर्षणातच सुमारे २ मीटर हेड खर्ची पडतं, एकूण सव्वापाच. तोच पाइप ४० मि.मी.चा केला तर घर्षण ०.७ मीटरवर येतं, एकूण ३.९. म्हणजे पंप न बदलता नुसत्या पाइपाने सव्वा मीटरहून जास्त हेड वाचलं. एक एचपीच्या पंपासाठी मोजणार आहात त्यातला थोडासा भाग इथे घाला. ९० अंशाच्या एल्बोऐवजी शक्य तिथे ४५ अंशाचे दोन किंवा लांब वळणाचा बेंड टाका. पाइप कुठेही पंपाच्या तोंडापेक्षा लहान करू नका.

मोठ्या पंपाचं दुसरं लफडं खड्ड्याच्या आकारात आहे. फ्लोटच्या (पाण्यावर तरंगत वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) चालू आणि बंद पातळीत २० सें.मी.चं अंतर असेल, तर एका खेपेला उपसायला मिळतं जेमतेम ३२ लिटर, त्यातूनही पंपाने स्वतः अडवलेली जागा वजा. मिनिटाला १०० लिटर फेकणारा पंप ते वीसेक सेकंदांत संपवतो, २५० लिटरवाला आठ सेकंदांत. मोटरला चालण्यापेक्षा सुरू होण्याचा त्रास जास्त. सुरू होतानाचा करंट चालू करंटच्या कित्येक पट असतो, त्या झटक्याने वायंडिंग तापतं, आणि आठ सेकंदांत मोटर पुन्हा बंद. दर वेळी व्हॉल्व्हही धाडकन आपटतो आणि जोराच्या ओढीने तळाचा गाळ वर येतो. एका खेपेला निदान मिनिटभर चालला तर पंप सुखी राहतो. तुमच्या खड्ड्यात ते जमणार नाही, पण त्या दिशेला जाता येतं: फ्लोटचं अंतर ३० सें.मी. करा, आणि पुढेमागे फरशी फोडायची वेळ आलीच तर खड्डा ६० सें.मी. व्यासाचा करून घ्या. चालू पातळी फरशीच्या साधारण २० सें.मी. खाली पुरते. त्याहून फार खाली लावलीत तर घराभोवतीच्या जमिनीतलं पाणी विनाकारण ओढत बसाल.

जास्तीचे पैसे दिले की नेमकं काय मिळतं? बिडाची बॉडी मोटरची उष्णता भोवतालच्या पाण्यात लवकर सोडते. प्लास्टिक ती धरून ठेवतं. बुशऐवजी बॉल बेअरिंग येतं. सील एकाऐवजी दोन, आणि ते सिलिकॉन कार्बाइडचं असेल तर वाळूच्या बारीक कणांना जास्त दाद देत नाही. स्क्रू आणि शाफ्ट स्टेनलेस स्टीलचे असतात, त्यामुळे चार वर्षांनी जाळी उघडायला गेलात तर डोकं झडलेला स्क्रू हातात येत नाही. या सगळ्याची किंमत वसूल होते ती पंप रोज तासन्‌तास चालत असेल तेव्हा. वर्षातले मोजके दिवस चालणाऱ्या पंपाला धोका वेगळा: महिनोन्‌महिने पडून सील कोरडं पडतं, इम्पेलर गंजाने किंवा क्षाराने धरतो. तिथे बीड आणि प्लास्टिक यांत उन्नीस-बीसचाच फरक.

पत्रात ज्याचा उल्लेखही नाही, ते म्हणजे फ्लोट स्विच. मोटर शाबूत आणि स्विच गेलेला, हे संप पंपाच्या बाबतीत नेहमीचं दुखणं. वायरला लोंबकळणारा फ्लोट अरुंद खड्ड्यात भिंतीला टेकतो, पाइपात अडकतो किंवा पंपाच्याच खाली दबतो. मग पाणी वर येतं तरी तो वर येत नाही, किंवा वरच अडकून पंप कोरडा चालू राहतो. ४५ सें.मी.च्या खड्ड्यात उभ्या दांडीवर सरकणारा फ्लोट घ्या. आणि स्विच पंपापासून वेगळा असलेला घ्या: स्विचची पिन सॉकेटमध्ये आणि पंपाची पिन तिच्या पाठीत, अशी जोडणी असते. स्विच बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि रात्री-अपरात्री पंपाची पिन सरळ सॉकेटमध्ये खोचून पाणी उपसता येतं. स्विच बॉडीत बंद असलेल्या पंपात ही सोय नाही. दोन पंपांत निवड करताना एचपीच्या आधी हे बघा. दुकानात हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का, याचीही खात्री करा. नसेल तर पंप थांबला की उभ्या पाइपातलं पाणी परत खड्ड्यात. ४० मि.मी.च्या पाइपात मीटरला सव्वा लिटर असतं; तुमच्या चढाईला चार लिटर, म्हणजे खड्ड्यात अडीच सें.मी. तेच पाणी पंप दिवसभर वर-खाली करत राहील. व्हॉल्व्हला वर-खाली युनियन (खोलता येणारे जोड) लावून घ्या, नाहीतर साफ करायचा म्हटला की पाइप कापावा लागतो.

एवढं करूनही वीज गेली की सगळं ठप्प. आणि वीज जाते ती नेमकी वादळी पावसात, जेव्हा पाणी सर्वात जास्त असतं. भारीतला पंपही तेव्हा पाण्यात पडलेलं ओझंच. म्हणून "एक महागडा की एक स्वस्त" यापेक्षा "एक साधा आणि एक राखीव" हा विचार जास्त कामाचा. राखीव पंप बॅटरीवर चालणारा असू शकतो किंवा मुख्य पंपालाच इन्व्हर्टर देता येतो. हिशेब असा: १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली तर ६०० वॉट-तास. ४०० वॉटचा पंप सलग चालवला तर जेमतेम सव्वा तास. पण वरच्या उदाहरणातला पंप एकूण वेळेच्या दहावा हिस्साच चालतो, म्हणून तीच बॅटरी आठ-दहा तास सहज काढते. इथे पुन्हा छोटा पंप बाजी मारतो. सुरू होतानाच्या झटक्यामुळे ४०० वॉटच्या पंपासाठी १,००० वॉटचा इन्व्हर्टरही कधीकधी मान टाकतो. एक एचपीला तर विचारूच नका. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घ्या आणि विकत घेण्याआधी पंप जोडून सुरू करून दाखवायला सांगा.

त्यासोबत पाण्याचा अलार्म हवाच. त्याचा सेन्सर मुख्य फ्लोटच्या चालू पातळीपेक्षा ५ ते ८ सें.मी. वर, आणि अलार्म स्वतःच्या बॅटरीवर. तुमच्या घरी त्या रात्री अलार्म वाजला असता, तर बिघडलेला पंप तसाच असूनही फरशी कोरडी राखता आली असती. पंपाला स्वतंत्र सर्किट द्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग द्या, सॉकेट फरशीपासून चांगलं उंच घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नको. आरसीसीबी ट्रिप झाली तर पंप मुकाट्याने बंद पडतो, हेही अलार्म हवा असण्याचं कारण. आणि तळघरात पाणी साचलेलं दिसलं की वरून मेन स्विच बंद केल्याशिवाय पायरी उतरू नका.

पाण्याची आवक कमी करायला अनेकदा पंपापेक्षा कमी खर्च येतो. छताच्या पन्हाळीचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडतं का? घराभोवतीची जमीन भिंतीपासून लांब उतरती आहे का? पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सें.मी. उतार हवा. आणि पंपाने फेकलेलं पाणी जिथे पडतं तिथून ते परत झिरपून खड्ड्यात येतंय का? बाहेरचं तोंड भिंतीपासून तीनेक मीटर लांब न्या. ते मैलापाण्याच्या गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. बहुतेक ठिकाणी त्याला बंदी असते, आणि टँक भरून उलटा घरात आला तर हा सगळा खटाटोप बरा वाटेल.

एका गोष्टीकडे मात्र पंपाचा प्रश्न म्हणून बघू नका. खड्ड्याच्या तळाशी दर काही महिन्यांनी ओंजळी-ओंजळीने वाळू किंवा माती जमत असेल, पंप गढूळ पाणी फेकत असेल, तर तुमच्या फरशीखालची माती वाहून चालली आहे. खड्ड्याभोवती खडी आणि गाळणीचं कापड नसलं की असं होतं. कितीही भारी पंप बसवा, तो ती माती आणखी जोमाने बाहेर काढेल. तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तांबूस, बुळबुळीत थर जमत असेल तर तो लोहजिवाणूंचा. त्याने घर खचत नाही, पण जाळी आणि फ्लोट चिकटून बसतात. दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशने घासून काढावा लागतो.

मी तुमच्या जागी काय घेईन, असं विचाराल तर: मोजणी मिनिटाला २५ लिटरच्या आत आली तर एक एचपी डोक्यातून काढून टाका. अर्धा एचपी किंवा त्याहून लहान पंप, जमल्यास बिडाचा, वेगळ्या उभ्या फ्लोटचा. प्लास्टिकचाच परवडत असेल तर तोही चालेल, फक्त स्विच वेगळा हवा. उरलेल्या पैशातून क्रमाने ४० मि.मी. पाइप आणि व्हॉल्व्ह, मग अलार्म, मग बॅटरी. मोजणी ६० लिटरच्या वर गेली किंवा पंप दिवसाकाठी कित्येक तास चालतो असं दिसलं, तर यजमानांचं बरोबर: चांगल्या बेअरिंगचा, दुहेरी सीलचा पंप घ्या, पण खड्डाही मोठा करा. मधल्या आकड्यांना अर्धा एचपी बिडाचा आणि एक राखीव. जुना पंप दुरुस्त झाला तर तोच राखीव म्हणून मुख्य पंपापेक्षा १० सें.मी. वर, विटांच्या ओट्यावर बसवता येईल. शक्य असेल तर त्याला वेगळं सर्किट आणि वेगळा पाइप द्या. पाइप एकच ठेवायचा तर दोन्ही पंपांचे व्हॉल्व्ह वेगळे आणि जोड त्यांच्या पुढे. नवा पंपही थेट गाळावर ठेवू नका, खाली सपाट फरशीचा तुकडा घाला. महिन्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओतून फ्लोट उचलतो का आणि बाहेर धार येते का ते बघा. राखीव पंपाचा फ्लोट हाताने उचलून तपासा, पण दांडीला धरून, पाण्यात हात न घालता.

आता वॉरंटी. पाच वर्षांचा कागद दोन वर्षांच्या कागदापेक्षा बरा, पण तो पंपाचा असतो. भिजलेल्या सामानाची भरपाई त्यात नसते. दुकानात तीन गोष्टी विचारा: फ्लोट स्विच आणि सील त्यात धरलेत का, गाळामुळे किंवा कोरडा चालल्यामुळे बिघडला तर नाकारतात का, आणि दुरुस्तीला पंप किती दिवस ठेवून घेतात. तिसऱ्याचं उत्तर "पंधरा दिवस" आलं तर त्या पंधरा दिवसांत पाऊस पडला तर काय, हे तिथेच उभं राहून ठरवा. स्विच आणि सीलचे सुटे भाग त्याच दुकानात मिळत असतील तर दोन वर्षांची वॉरंटीही मला पुरेशी वाटते. बिलाचा फोटो काढून ठेवा आणि बसवल्याची तारीख मार्करने सॉकेटशेजारी भिंतीवर लिहा. तळघराच्या दमट हवेत छापील बिलावरची अक्षरं वर्षभरात उडून जातात.